वहिवाटीचं इंग्रजी

लिफ्टनं मगदूम सरांना आज पुन्हा दारातच उभं करून ठेवलं होतं.

“वुड यू बी सो काइंड ॲज टू टेक मी टू द फोर्थ फ्लोअर?” सरांनी एकेक शब्द सुटा करून परत सांगितलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, वाक्य असं की परीक्षेच्या पेपरात छापावं. पण दारावरचा दिवा काही तांबड्याचा हिरवा होईना.

“नॉट गेटिंग, अंकल,” लिफ्ट म्हणाली. “वन्स अगेन बोला.”

सरांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. अख्खी हयात जयसिंगपुरात इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि हा लोखंडी डबा आपल्याला वन्स अगेन बोला म्हणतो! तेवढ्यात त्यांच्या बायको, त्रिशलाबाई, भाजीची पिशवी सावरत मागून आल्या. या बाई दहावीला इंग्रजीत काठावर निघाल्या होत्या, तेही शेजारणीच्या कृपेनं.

“फोर्थला चल की रे, फास्ट,” त्या लिफ्टवर खेकसल्या. दिवा लगेच हिरवा झाला आणि दार उघडलं. “या आत. नाहीतर बसाल इथंच तिचं व्याकरण तपासत.”

हे असं का होत होतं, ते जरा सांगायला हवं. त्या काळात माणसाच्या हाताशी असलेली झाडून सगळी यंत्रं बोललेलं ऐकायची. लिफ्ट, गॅसची शेगडी, औषधं देणारं कपाट, बिनचालकाची रिक्षा, सगळं. ऐकायची ती मात्र इंग्रजी. पण कुठलं इंग्रजी? लंडनचं, लागोसचं की लातूरचं? सुरुवातीला ज्यानं त्यानं आपलं घोडं पुढं दामटलं आणि नुसता गोंधळ झाला. मग सगळ्या देशांनी मिळून एक माप ठरवलं. ते तयार करणाऱ्यांत आपली मराठी माणसं पुष्कळ होती, त्यांनी त्याला नाव दिलं ‘वहिवाट’, आणि तेच जगभर रुळलं.

नाव अगदी चपखल होतं. उसाच्या फडाच्या कडेनं लोक वर्षानुवर्षं चालत राहिले की तिथं वाट पडते, आणि पुढं कोर्टसुद्धा तिला रस्ता मानतं. मालक कितीही ओरडला तरी ती वाट मोडता येत नाही. भाषेचंही तसंच करायचं ठरलं. ज्यांनी परवानगी दिली अशा कोट्यवधी लोकांचं रोजचं बोलणं ऐकायचं. कुणी काही बोललं आणि ऐकणाऱ्यानं उलट न विचारता तसं केलं, की ते वाक्य ‘लागलं’. ऐकणारा घुटमळला, ‘काय?’ म्हणाला, की ते वाक्य ‘अडलं’. लागेल ते शुद्ध आणि अडेल ते अशुद्ध, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

मगदूम सरांनी या प्रकाराला परवानगी दिली नव्हती. “गल्लीतली पोरं मतदान करून व्याकरण ठरवणार, आणि मी मान डोलवू?” ते म्हणाले होते. त्रिशलाबाईंनी मात्र तेव्हाच हो म्हणून टाकलं होतं. त्यांना वाटलं होतं, रेशनचं काहीतरी असेल.

एवढ्यावर निभावलं असतं. लिफ्टशी वाद घालत सर सुखानं म्हातारे झाले असते. पण त्या दिवशी वर जाऊन चपला काढतात न काढतात तोच भिंतीतल्या यंत्रानं निरोप सांगितला. जिनेंद्र मगदूम यांची ‘बोलभान’ तपासणी व्हायची आहे, येत्या सोमवारी केंद्रात हजर राहावं. तोपर्यंत घरातली शेगडी, दार आणि औषधाचं कपाट त्यांचं ऐकणार नाही.

त्रिशलाबाईंच्या हातातली पिशवी तिथंच गळाली. बोलभान म्हणजे काय ते सगळ्या इमारतीला माहीत होतं. म्हातारपणी माणसाचं डोकं जायला लागलं की आधी त्याची भाषा बिघडते, असा डॉक्टरांचा अनुभव. म्हणून सत्तरीपुढच्या लोकांचं यंत्रांशी होणारं बोलणं वहिवाटीशी ताडून पाहायचं. अंतर फार वाढलं की समजायचं, भान सुटत चाललं. तपासणीतही तेच निघालं, तर माणसाला सोबतघरात हलवायचं. नाव गोड आहे, पण तिथं नेतात ते एकट्याला. खालच्या मजल्यावरच्या बोरगाव्यांना नेलं तेव्हा त्यांच्या बायकोला रविवारी काचेपलीकडून भेटायची मुभा मिळाली होती.

“मी नाही काचेतनं बघायची तुम्हाला,” त्रिशलाबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. “सांगून ठेवते.”

सरांनी वाकून सांडलेली भाजी गोळा करायला घेतली. त्यांनी त्या निरोपाची हाय खाल्ली होती, पण बायकोसमोर कबूल कसं करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टर ऋजुता अंकलीकर आल्या. ऋजुता ही सरांची विद्यार्थिनी, आणि गंमत म्हणजे वहिवाटीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतली मोठी अधिकारी. त्रिशलाबाईंनीच तिला सरांच्या नकळत फोन केला होता.

“ये, ये! भाषा उद्ध्वस्त केलीस, ती बघायला आलीस?” सर म्हणाले.

“सर, चहा तरी पिऊ द्या की आधी,” ऋजुता हसून म्हणाली. तिच्या पायाशी बंड्या येऊन पसरला. बंड्या हे गल्लीतलंच कुत्रं, पण सरांकडं आल्यापासून स्वतःला खानदानी समजायचं.

“मला एक सांग,” सर म्हणाले, “मी बोलतो ते इंग्रजी चूक आहे?”

“कालपर्यंत बरोबर होतं.”

“अगं, बरोबर गोष्ट एका रात्रीत चूक कशी होते? दोन अधिक दोन उद्या पाच होणार का?”

“भाषा म्हणजे बेरीज नव्हे, सर. तुम्ही आम्हाला शिकवलेले नियम तरी कुठून आले? आभाळातून पडले नाहीत. कुठल्या तरी काळी काही लोक तसं बोलायचे, कुणीतरी ते लिहून घेतलं, छापलं, आणि मास्तरांनी छडी घेऊन ते पाठ करून घेतलं. आता बघा, एकेकाळी इंग्रजीत एका माणसाला ‘यू’ म्हणणं ही चूक होती. एकट्यादुकट्याला ‘दाऊ’ म्हणायचं. लोकांनी ऐकलं नाही, सगळ्यांना यू म्हणत सुटले. तेव्हाच्या तुमच्यासारख्या लोकांनी पुष्कळ आदळआपट केली. आज तुम्ही मला दाऊ म्हणाल का?”

मुद्दा बिनतोड होता, आणि तो शिकवलेल्या पोरीनं मांडला होता. राग यावा की कौतुक वाटावं, हे सरांचं सरांनाच कळेना.

“बरं. भाषा बदलली, मान्य. पण मी वेडा कसा झालो?”

ऋजुताचं हसू मावळलं. “ती आमची चूक आहे. एसटी स्टँडवर शेजारची गाडी हलली की आपलीच हलल्यासारखं वाटतं ना, तसं झालंय. मशीनला एवढंच दिसतं की तुमच्यात आणि वहिवाटीत अंतर पडलंय. हललं कोण, ते त्याला कळत नाही. मी वर लिहिलंय, पण दुरुस्ती व्हायला वेळ लागेल. सोमवार काही थांबणार नाही.”

“मराठीत विचारा की त्यांना,” स्वयंपाकघरातून त्रिशलाबाई म्हणाल्या. “सगळ्या पिढ्यांची नावं सांगतील, पाढे म्हणतील.”

“मराठीचं मापच अजून बसवलेलं नाही हो, काकू.”

मग सगळे कामाला लागले. सरांनी नाही नाही म्हणत शेवटी मान तुकवली. स्वतःसाठी नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ऋजुता समोर बसली आणि तिनं चालू वहिवाटीचं इंग्रजी बोलून दाखवलं: तोडकं, धावतं, मध्येच मराठी, मध्येच हिंदी, कुठलंही क्रियापद कुठंही. सरांनी फक्त तसंच बोलायचं होतं. सोपं काम! पण जमतंय कुठलं? सर मोठ्या कष्टानं अर्धं वाक्य मोडायचे आणि जीभ आपोआप ते पुन्हा जोडायची. समोर माणूस दिसला की त्यांच्या तोंडून पूर्ण, आदबशीर, शेपटीला ‘प्लीज’ लावलेलं वाक्यच निघायचं. चुकायचा सराव करताना घाम फुटलेला माणूस ऋजुतानं पहिल्यांदाच पाहिला.

“एवढं साधं चुकता येत नाही तुम्हाला?” त्रिशलाबाई शेवटी रडकुंडीला आल्या. “मला बघून बोला की! मी जन्मभर चुकतेय ती!”

“त्रिशला, मी प्रयत्न करतोय गं,” सर म्हणाले.

सोमवारी दोघं केंद्रात गेले, बरोबर बंड्याला घेऊन. त्याला घरी ठेवलं की तो भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा. व्हरांड्यातल्या खांबाला त्याला बांधलं. ऋजुता पुण्याहून थेट तिथंच आली होती. आत परीक्षक म्हणून कोठावळे नावाच्या बाई होत्या. स्वभावानं बऱ्या, पण करणार काय? निकाल भिंतीवरचं यंत्र देणार, बाईंनी नुसते प्रश्न विचारायचे. टेबलावर त्यांच्या न्याहारीची पिशवी होती, आत लसूण घातलेलं, अस्सल जयसिंगपुरी भडंग.

“या खोलीत इंग्रजीतलं जे जे बोललं जाईल ते सगळं मोजलं जाईल,” कोठावळेबाईंनी नियम सांगितला. “घाबरू नका हं, काका. टेल समथिंग, मॉर्निंगला काय काय केलं?”

सरांनी मनात वाक्य मोडून तयार ठेवलं होतं. बाईंच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि झालं! “इफ मेमरी सर्व्ह्ज मी राइट, मॅडम, आय रोझ शॉर्टली बिफोर डॉन...”

“सॉरी?” बाई नकळत म्हणून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पण भिंतीवरचा दिवा तांबडा झालाच.

पुढचे प्रश्नही तसेच गेले. सर जितके घाबरत तितके जास्त शुद्ध बोलत. दाराशी उभ्या असलेल्या त्रिशलाबाई डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होत्या. ऋजुतानं मान खाली घातली होती. आता शेवटचा प्रश्न राहिला होता. सरांना समोर कोठावळेबाई दिसत नव्हत्या, सोबतघराची ती काच दिसत होती.

आणि नेमका तेव्हा दोरी तोडून बंड्या आत घुसला. त्याला ना बोलभानाशी देणंघेणं, ना वहिवाटीशी. त्याला लसणीचा वास आला होता. एका उडीत तो टेबलावर गेला, पिशवी तोंडात धरली आणि अशी झटकली की कोठावळेबाईंच्या केसांत, कागदांवर, खुर्चीवर, सगळीकडं भडंगच भडंग!

“बंड्या! नो!” सर ताडकन उभे राहिले. “व्हॉट यू आर डूइंग? गेट डाउन! डाउन म्हणतो ना! हाऊ मेनी टाइम्स आय टोल्ड यू? गुड बॉय असं करतो का? ड्रॉप इट! ड्रॉप! कम हिअर. सिट. सिट म्हणजे ओन्ली सिट!”

बंड्यानं पिशवी टाकली, खाली उतरला, आला आणि बसला.

भिंतीवर दिवा हिरवा झाला. नुसता हिरवा नव्हे, हिरवागार. सरांच्या प्रत्येक शब्दाबरोबर आकडा वर चढत गेला होता आणि आता तो अशा ठिकाणी जाऊन थांबला होता की कोठावळेबाई केसांतलं भडंग झटकायचं विसरून बघतच राहिल्या.

“उत्तम,” यंत्र म्हणालं. “भान पूर्ण शाबूत. सोबतघराची गरज नाही.”

त्रिशलाबाईंनी असा मोठा हुंदका दिला की व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. मग त्या रडता रडता हसायला लागल्या, खाली बसल्या आणि त्यांनी बंड्याला कवटाळलं. “माझ्या सोन्या! काय हवं ते खा! भडंगाची गोणी आणते तुला!” सर भिंतीला टेकून उभे होते. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते त्यांनी अंगभर अनुभवलं. नाचावंसं वाटत होतं. लाज मात्र थोडी वाटत होती. आयुष्यभर ज्या इंग्रजीवर लाल शाई ओतली, तेच ते रोज कुत्र्याशी बोलत आले होते, आणि हे त्यांना आजच कळलं. पण आपल्याकडं कुत्र्याशी मराठीत बोलतं तरी कोण? गल्लीतल्या घाणीत जन्मलेल्या पिल्लालासुद्धा आपण घरी आणलं की पहिल्या दिवसापासून ‘कम’ आणि ‘सिट’च सांगतो.

ऋजुतानं तिथल्या तिथं आपल्या यंत्रावर आकडे काढले होते. हसत हसत सुरू केलं, पण वाचता वाचता ती गंभीर झाली. बाहेर चहाच्या टपरीवर सगळे बसले तेव्हा सरांनी विचारलं, “काय गं, काय निघालं? मी पास झालो ना नक्की?”

“पास झालात हो. शंभर टक्के. मी बघत होते, एवढे मार्क पडले कसे.” तिनं कप खाली ठेवला. “आम्ही धरलं होतं की ऐकणाऱ्यानं उलट विचारलं नाही म्हणजे त्याला कळलं. कुत्रा कधी उलट विचारतो का? लिफ्ट विचारते, पण क्वचित. आणि हल्ली माणसं माणसांशी इंग्रजी बोलतातच किती? मध्ये भाषांतर करणारं यंत्र असतं. इंग्रजी उरलंय ते हुकूम सोडायला. कुत्र्याला, शेगडीला, रिक्षाला, फार तर नोकराला आणि लहान पोरांना. सगळ्या जगाची वहिवाट त्याच वाटेनं पडलीय.”

“मग माझी वाक्यं? ‘वुड यू माइंड’, ‘आय वंडर’?”

“ती ऐकून समोरचा थांबतो, विचार करतो, काहीतरी विचारतो. म्हणजे ती अडतात. विनंती अडते, सर. शंका अडते. गप्पा तर पावलोपावली अडतात. आमच्या मापात तो दोष धरला जातो.” तिनं आकडे पुन्हा एकदा वरून खाली पाहिले. “हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं.”

“अगं, बदल मग ते माप,” सर म्हणाले. त्यांना तेव्हा जगाची फारशी काळजी नव्हती. ते घरी जाणार होते.

“लोक बोलतात तेच शुद्ध, असं आम्हीच ठरवलंय ना? आता मी कोण ते बदलणारी?” ऋजुता म्हणाली. मग जरा अवघडून तिनं तपासणीच्या यंत्राची शेवटची सूचना सांगितली. सरांना मिळालेली सूट पक्की राहायची तर यापुढं त्यांचं बोलणं सगळीकडं मोजलं जाणार, रिक्षात, घरातसुद्धा, आणि समोरच्यानं उलट विचारलं की ते अडलं म्हणून धरलं जाणार. रोज थोडं इंग्रजी बोलायलाच हवं, आणि यंत्राची शिफारस अशी होती, की मगदूम यांनी कुत्र्याशी बोलतात तसंच घरातल्या माणसांशीही बोलावं.

सर खो खो हसले. “ऐकलंस का, त्रिशला? सरकारी हुकूम आहे!”

त्रिशलाबाईही हसल्या. ऋजुता पुण्याच्या गाडीकडं गेली. बिनचालकाची रिक्षा समोर येऊन थांबली. सरांची कळी इतकी खुलली होती, की रिक्षानं आपलं ऐकावं याचीही त्यांना आता गंमत वाटत होती. ते आत चढले, बंड्याला आत घेतलं, आणि थट्टेनंच, त्याच खणखणीत आवाजात, मागं वळून म्हणाले, “त्रिशला, कम! फास्ट! सिट!”

त्रिशलाबाई आल्या आणि बसल्या. समोरच्या काचेखाली हिरवा दिवा लागला.

सर वाट बघत राहिले. लग्न झाल्यापासून या बाईनं त्यांचं एकही वाक्य धड जाऊ दिलं नव्हतं. शब्दाला शब्द, प्रश्नाला प्रश्न. आता ती म्हणणार होती, ‘अहो, मी काय कुत्रं आहे का?’ आणि मग घरापर्यंत त्यांची हजेरी घेणार होती. रिक्षा निघाली, कोपरा वळली. त्रिशलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसून होत्या.

“अगं, चेष्टा केली मी,” सर म्हणाले. “बोल की काहीतरी. रागावलीस का?”

त्रिशलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. रागावल्या नव्हत्या. चेहऱ्यावर नुसतं सुख होतं, नवरा परत मिळाल्याचं.

“मग विचार ना. काहीही विचार. नेहमी विचारतेस तसं.”

त्रिशलाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला, ओठांवर बोट ठेवलं, आणि डोळ्यांनीच त्या हिरव्या दिव्याकडं खूण केली.